चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची: एका कारखान्यातल्या मदतनिधीचं प्रकरण

चाकण परिसरातला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. माणसं ३१२: कायम कामगार ९६, ठेक्यावरचे आणि शिकाऊ मिळून १६८, स्टाफ ४८. पाळ्या तीन. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका नोंदणीकृत न्यासाला मदत करायची ठरली. पहिल्या खेपेला बारा दिवसांत २७,३५० रुपये जमले. पुढच्या दीड महिन्यात, त्याच माणसांकडून, दुसऱ्या खेपेला १,४०,५०० जमले. हा फरक कशाने पडला, ते इथे मांडलं आहे. कारखाना, न्यास आणि रकमा नमुन्यादाखल घेतल्या आहेत. कायदे आणि न्यायालयाचे निर्णय खरे आहेत, आणि चुकाही जागोजागी होणाऱ्याच आहेत.

हा विषय या कारखान्याला परका नव्हता. दसरा झाला की बीड, जालना, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या उसाच्या फडाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. मुलं बरोबर गेली की त्यांची शाळा चार-पाच महिने बुडते, ती मागे राहावीत म्हणून वसतिगृह. चाकणच्या कारखान्यांत ठेक्यावर काम करणारी कितीतरी मुलं याच गावांतली. त्यांच्यातल्या काहींचे आई-वडील आजही फडावर जातात. ही गोष्ट पहिल्या खेपेला कोणी लक्षात घेतली नाही.

पहिल्या खेपेला मनुष्यबळ विभागाने एक ईमेल पाठवला. कंपनीचा ईमेल असलेली माणसं ६१. बाकीच्या २५१ जणांसाठी गेटजवळ इंग्रजीतलं पोस्टर आणि एक डबा. देणगीचे टप्पे ५००, १००० आणि २००० रुपये. पैसे पाठवायला क्यूआर कोड होता, पण तो विभागातल्या एका अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्याचा. मोहीम गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत सुरू झाली आणि अनंत चतुर्दशीला संपली. रोज संध्याकाळी देणाऱ्यांची नावं रकमेसह बोर्डावर लागत होती. क्यूआरवरून ३१ जणांचे २४,२०० आले, डब्यात ३,१५० निघाले.

वेळ चुकली हे उघड आहे. राहत्या गल्लीचं मंडळ, गावाकडचं मंडळ आणि खात्यातला गणपती अशा तीन वर्गण्या त्याच आठवड्यात गेलेल्या असतात. टप्प्यांची चूक त्याहून मोठी. ठेक्यावरच्या मुलाच्या हातात दिवसाला जे पडतं, त्याच्या आसपास सगळ्यात लहान टप्पा होता. शंभर रुपये द्यायची तयारी असलेला माणूस ५०० चा आकडा पाहून मागे फिरतो. आपले शंभर इथे शोभणार नाहीत असं त्याला वाटतं, आणि बोर्डावर रकमा लागत असल्याने ते वाटणं खरंच असतं.

वैयक्तिक क्यूआर ही मात्र साधी चूक नव्हे. पैसे एका माणसाच्या खात्यात गेले की न्यासाच्या दप्तरी तो एकच देणगीदार होतो, बाकी तीस जणांना पावती मिळू शकत नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे, नोंदणीकृत न्यास सोडून इतर कोणी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करणार असेल तर त्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीचा तात्पुरता परवाना काढतात तो याच कलमाखाली. कारखान्यातल्या समितीने स्वतः पैसे गोळा न करता न्यासाच्याच खात्यात आणि न्यासाच्याच पावतीपुस्तकावर घेतले, तर हा प्रश्न उभाच राहत नाही. त्या अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. पण हे पैसे नेमके कुठे जातात, असं चहाच्या टपरीवर कोणी विचारलं तर दाखवायला कागद नव्हता. पुढे ३१ जणांना त्यांची रक्कम परत पाठवली, आणि डब्यातले ३,१५० न्यासाकडे भरून पावती बोर्डावर लावली. परतीच्या या एका कामाने दुसऱ्या खेपेची निम्मी वाट मोकळी केली, असं आमचं मत आहे.

पितृपक्षात कोणी नवं काही सुरू करत नाही. तो पंधरवडा कागदांना दिला. न्यासाकडून मागवलेली कागदपत्रं अशी: धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, आयकराच्या १२ए (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणीचे आदेश, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. ८०जी चा आदेश नुसता असून भागत नाही, त्यावरची मुदत वाचावी लागते. २०२१ पासून नियमित नोंदणी पाच वर्षांसाठी मिळू लागली आहे, आणि मुदत टळलेला आदेश फाइलला लावून ठेवणाऱ्या संस्था कमी नाहीत. हिशेबात दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: मागच्या वर्षी मुलांवर थेट किती खर्च झाला, आणि वर्षअखेर बँकेत किती शिल्लक होती.

मग गरज रुपयांत नीट बसवली. वसतिगृहात ६४ मुलं, हंगाम १५० दिवस. एका मुलाच्या दोन वेळच्या जेवणाचे आणि नाश्त्याचे दिवसाला ६० रुपये. पहिल्या १२० दिवसांची सोय न्यासाकडे होती, शेवटचे ३० दिवस उघडे होते: ६४ गुणिले ६० गुणिले ३०, म्हणजे १,१५,२००. गादी आणि ब्लँकेटचा संच १,१५० रुपयांना, असे ६४ संच ७३,६००. एकूण १,८८,८००. पोस्टरवर ही बेरीज कोपऱ्यात लहान अक्षरात गेली. मोठ्या अक्षरात होतं: एका मुलाचा एक दिवस, ६० रुपये. त्याखाली: एक गादी-ब्लँकेट, १,१५०, तिघांनी मिळून दिलं तरी चालेल. पोस्टर मराठीत, आणि उत्तरेकडच्या मुलांसाठी हिंदीत. रक्कम जास्त जमली तर ती जेवणाच्या दिवसांना जाईल, हेही आधीच छापलं. नंतर ठरवू म्हटलं की नंतर भांडण होतं.

पगारातून कापून घ्या, हा सल्ला प्रत्येक कारखान्यात कोणीतरी देतोच. सोपा वाटतो, पण दोन कारणांनी तो बाजूला ठेवला. पहिलं कायद्याचं. आधीचा १९३६ चा वेतन प्रदान कायदा घ्या किंवा त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता, पगारातून काय काय कापता येतं याची यादी ठरलेली आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी लेखी संमतीने कपात करता येते. एखाद्या खासगी न्यासाची देणगी त्या यादीत सरळ बसत नाही. दुसरं कारण माणसांचं. ज्याच्या घरी उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो, तो मुलगा कपातीच्या कागदावर सही करताना दचकतो. त्याने सही केलीच, तर ती मनापासून आहे की ठेकेदार समोर उभा आहे म्हणून, हे कोणाला कळणार?

या बाबतीत केरळचं उदाहरण प्रत्येक समितीने वाचावं. ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार, हप्त्याहप्त्याने, मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीला देण्याचं आवाहन केलं. ‘सॅलरी चॅलेंज’ या नावाने ते गाजलं. कारण अगदी योग्य होतं, गरजही प्रचंड होती. पण आदेशात एक अट होती: ज्यांना द्यायचं नाही, त्यांनी तसं लेखी कळवावं. म्हणजे गप्प राहिलेल्याचा होकार धरला जाणार, आणि नकार द्यायचा तर नावानिशी. कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली. केरळ उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली, आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं अपील फेटाळलं. एवढ्या चांगल्या कामाची चर्चा पुरावरून त्या एका कलमाकडे वळली. कारखान्यात प्रकरण न्यायालयात जात नाही, कॅन्टीनमध्ये जातं. नुकसान मात्र त्याच जातीचं.

म्हणून दुसऱ्या खेपेचा सगळा आराखडा एका गोष्टीभोवती बांधला: नकार कोणालाही दिसता कामा नये.

पद्धत चिठ्ठीची. प्रत्येकाला सारखी छापील चिठ्ठी: नाव, टोकन नंबर, रक्कम, पैसे कसे देणार (क्यूआर की रोख). द्यायचं नसेल तर चिठ्ठी कोरी ठेवायची. पण घडी घालून पेटीत सगळ्यांनीच टाकायची. पेटीसमोर उभ्या माणसाला भरलेली आणि कोरी यांत फरक दिसत नाही. पेटी समितीतल्या दोघांनी मिळून उघडली, कोऱ्या चिठ्ठ्या तिथेच फाडल्या. छापायला शंभर-दीडशे रुपये लागतात, आणि लाजेने दिलेला पैसा आणि लाजेने टाळलेली भेट, दोन्ही वाचतात.

चिठ्ठी हातात द्यायला माणूस लागतो. ते काम २६ जणांनी केलं, म्हणजे प्रत्येकाकडे १२ जण, स्वतः धरून. कोण मागणार याचे नियम कडक होते. लाइन लीडर किंवा सुपरवायझरने आपल्या हाताखालच्यांना विचारायचं नाही. ठेकेदाराच्या माणसाने कोणालाच विचारायचं नाही. ठेक्यावरच्यांना ठेक्यावरचाच विचारेल, स्टाफला स्टाफ. आणि प्रत्येकाने आधी स्वतःची चिठ्ठी टाकलेली असली पाहिजे, रक्कम कितीही असो. मागणाऱ्याने स्वतः दिलेलं नसेल तर ते त्याच्या आवाजात कळतं.

बोलणं दोन मिनिटांचं, चहाच्या सुट्टीत, एकेकट्याशी किंवा दोघा-तिघांशी. असं काहीसं: “दादा, ऊसतोडीला जाणाऱ्यांची चौसष्ट पोरं गावात राहून शिकतात. शेवटच्या महिन्याचं जेवण आणि गाद्या कमी पडतायत. साठ रुपयांत एका पोराचा दिवस निघतो. ही चिठ्ठी. भरलीत तर बरं, कोरी टाकलीत तरी कोण बघत नाही. परवापर्यंत पेटी इथंच आहे.” मग निघायचं. उभं राहून वाट पाहायची नाही. वयाने मोठ्या माणसाला ‘मामा’ म्हणतात तिथे मामा, बाईंना ताई किंवा मॅडम. ज्या हाकेने रोज बोलतो त्याच हाकेने. ‘सहकारी बंधू-भगिनींनो’ हे भाषणाला ठीक, चहाच्या कपाला नाही.

सुरुवात खंडेनवमीला झाली. त्या दिवशी मशीन पुसून, हार घालून पूजा होते आणि तिन्ही पाळ्यांची माणसं एकत्र दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. प्लँटच्या साहेबांना तीन मिनिटं आणि वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंना सहा मिनिटं दिली. कारखान्यातल्याच एखाद्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाला पुढे करून बोलायला लावावं, अशी सूचना आली होती. ती नाकारली, आणि ठीकच झालं. त्याने आपण होऊन बोललं तर वेगळं, पण कामाच्या जागी कोणाच्या घरची परिस्थिती मंचावर मांडायला लावू नये. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच लाइनवर उभं राहायचं असतं.

त्याच मंचावर आणखी एक चूक टळली. ‘तुम्ही जितके द्याल तितके कंपनी घालेल’ हे वाक्य साहेबांच्या तोंडी यायच्या बेतात होतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपनीला असा वाटा सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चात धरायचा असेल, तर न्यासाची सीएसआर-१ नोंदणी हवी, काम अनुसूची ७ मध्ये, म्हणजे कायद्यातल्या कामांच्या यादीत, बसायला हवं आणि खर्चाला कंपनीची सीएसआर समिती असेल तर तिची आणि संचालक मंडळाची मंजुरी हवी. मंजुरी आधी मागितली होती, ५०,००० पर्यंतची लेखी आली होती. मंचावर तेवढंच सांगितलं. कामगारांनी दिलेले पैसे मात्र कंपनीच्या सीएसआर खर्चात धरता येत नाहीत. कंपनीच्या अहवालात ते आकडे मिसळले तर कामगारांना आपला वापर झाल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही.

पुढचे सहा दिवस चिठ्ठ्या. रात्रपाळीत तिघं जण स्वतः गेले, पहाटे तीनच्या चहाला. हे सोडून दिलं तर रात्रपाळीतून फारसं काही येत नाही, आणि आम्हाला कोणी विचारलंच नाही हे गाऱ्हाणं वर्षभर राहतं. एकूण शब्द मिळाला १,५५,६०० रुपयांचा.

शब्द म्हणजे पैसा नव्हे. तो यायचा होता बोनसच्या दिवशी, आणि इथे एक मेख होती. कायम कामगारांचा बोनस कंपनी देते, ठेक्यावरच्यांचा ठेकेदार. दोन्ही एकाच दिवशी खात्यात पडत नाहीत. इथे सहा दिवसांचा फरक होता. मोहिमेची शेवटची तारीख कंपनीच्या बोनसवरून धरली असती, तर १६८ माणसं बाहेर पडली असती. ती ठेकेदाराच्या बोनसनंतर तीन दिवसांनी ठेवली. आठवण एकदाच करायची, मागणाऱ्यानेच, तोंडी. व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणाचंही नाव घेऊन आठवण करायची नाही.

क्यूआरच्या बाबतीत तीन बारीक गोष्टी. एक: कोड न्यासाच्या चालू खात्याचा, आणि छापण्याआधी एक रुपया पाठवून पडद्यावर न्यासाचंच नाव येतं का ते पाहिलेलं. दोन: शेरा लिहायच्या रकान्यात टोकन नंबर, नाहीतर न्यासाच्या लिपिकाला १५० रुपयांच्या साठ नोंदी वेगळ्या करता येत नाहीत. तीन: शॉपफ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरला असतो. म्हणून कोड लाइनवर नाही, कॅन्टीनमध्ये आणि दुचाकींच्या स्टँडजवळ लावला. पत्र्याच्या शेडखाली पाळी सुटताना नेटवर्क बसतं, तेव्हा व्यवहार अडकतो, पैसे कापल्याचा संदेश येतो आणि माणूस पुन्हा पाठवतो. तिथे समितीचा एक जण उभा होता तो फक्त एवढं सांगायला: थांबा, लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका.

रोख घेतली ती न्यासाच्या क्रमांक घातलेल्या पावतीपुस्तकावर, मोजायला दोघं, बँकेत भरणा पुढच्याच कामाच्या दिवशी. डबा याही खेपेला ठेवला, कारण काहींना नावच द्यायचं नसतं. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या वर्षभरात एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांपैकी जे जास्त असेल त्यापुढे गेल्या, तर त्या वरच्या रकमेवर धर्मादाय न्यासाला ३० टक्के कर बसतो. इथे डब्यात २,४६० निघाले, काळजीचं कारण नव्हतं. पण सगळा पैसा डब्यातूनच जमवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कराच्या सवलतीवर फार जोर दिला नाही. ८०जी ची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि आता वेगळं काही निवडलं नाही तर तीच लागू होते. लाइनवरच्या बहुतेकांना आयकर भरावाच लागत नाही. स्टाफमधल्या जुन्या प्रणालीतल्या काही जणांना उपयोग होता. त्यांना सांगितलं की २,००० च्या वर रोख दिली तर वजावट नाही, आणि पॅन द्या म्हणजे न्यास १०बीडी विवरणात तुमची नोंद करून १०बीई प्रमाणपत्र देईल. बाकीच्यांना नाव-पत्त्याची साधी पावती.

जमलेली रक्कम अशी:

ठेक्यावरचे आणि शिकाऊ: १२१ जण, १७,९४० रुपये
कायम कामगार: ८२ जण, ६१,५०० रुपये
स्टाफ: ३९ जण, ५८,६०० रुपये
डबा: २,४६० रुपये

डबा वगळून, शब्द दिलेल्या दर शंभरातले साधारण ८९ रुपये हाती आले. १,४०,५०० मध्ये पहिल्या डब्याचे ३,१५० आणि कंपनीचे ५०,००० मिळवले की १,९३,६५० होतात, गरजेपेक्षा ४,८५० जास्त. वरची गटवार विभागणी फक्त समितीपुढे ठेवली. बोर्डावर रोज एकच आकडा लागत होता, एकूण जमेचा. खात्याखात्यांत चुरस लावण्याची कल्पना अनेकांना आवडते. आम्ही ती सुचवणार नाही. टूलरूममध्ये सात माणसं असतील आणि सहा जणांनी दिले असं बोर्ड सांगत असेल, तर सातवा कोण हे शोधायला कोणाला वेळ लागत नाही. आणि १२१ जणांचे १७,९४० हा आकडा लहान म्हणून वाचू नये. सरासरी १४८ रुपये, म्हणजे अडीच दिवसांचं एका मुलाचं जेवण, ज्याच्या स्वतःच्या कामाची शाश्वती सहा-सहा महिन्यांची आहे त्याने दिलेलं.

सगळं सुरळीत झालं नाही. दोन चिठ्ठ्यांवर रक्कम दुसऱ्याच हातांनी वाढवल्याचं दिसलं, त्या दोघांना खासगीत विचारून मूळ रक्कम धरली. तेव्हापासून रक्कम अक्षरातही लिहायचं ठरलं. एका लाइन लीडरने आपल्या बारा जणांच्या चिठ्ठ्या स्वतः गोळा करून आणल्या. भरलेल्या, व्यवस्थित, उत्साहाने. समितीने त्या परत केल्या आणि नव्या कोऱ्या चिठ्ठ्या दुसऱ्या माणसाकरवी वाटल्या. दुसऱ्यांदा त्यांतल्या चार कोऱ्या आल्या. रक्कम कमी झाली, पण आधीच्या बारांपैकी किती मनातून आलेल्या होत्या, हे त्या चारांनी सांगितलं.

संच खरेदी करताना न्यासाला भाव १,०९० चा मिळाला, प्रत्येकी ६० वाचले, म्हणजे ३,८४०. बिलाची प्रत आणि हा फरक दोन्ही नोटीस बोर्डावर लागले, बाकीच्या हिशेबासह एका पानावर. फोटो लावले ते गाद्यांच्या रांगेचे आणि स्वयंपाकघराचे, मुलांचे चेहरे नाहीत. दुसरं पान मार्चअखेर, हंगाम संपून वसतिगृह बंद होताना: ३० दिवसांचं जेवण, हजेरीप्रमाणे प्रत्यक्ष किती ताटं, वाचलेले पैसे कुठल्या दिवसांना गेले. ते पान बोर्डावर लावण्याआधी त्या २६ जणांच्या हातात दिलं, कारण चहाला प्रश्न त्यांनाच विचारले जाणार होते. १०बीडी भरण्याची आणि १०बीई देण्याची शेवटची तारीख ३१ मे. ती न्यासाला १ मे रोजी आठवण करून द्यायचं काम समितीतल्या एका ताईंनी आपल्याकडे घेतलं आहे.